हीट नंबर एकतीस

शिरोलीत, हायवेच्या अंगाला, तिसऱ्या गल्लीत आमचं शेड.
बाहेर पाटी बिडाच्या ओतकामाची,
आत मागच्या कोपऱ्यात एक लहान भट्टी,
फक्त अ‍ॅल्युमिनियमची.
तिला लोखंडाचा विटाळ चालत नाही,
असं मुजावरमामा म्हणायचे आणि हसायचे,
चाळीस वर्षं त्यांच्या हाताला लोखंडाचाच वास.

मला पत्रा हवा होता. विमानाच्या अंगाचा.
दीड मिलिमीटर.
ज्याच्या अलीकडे माणसं चहा पितात
आणि पलीकडे उणे पन्नास.
मामांना सांगितलं, विमान वर जाताना छाती फुगवतं,
उतरताना सोडतं.
पत्र्याला काम एवढंच, ताणलं जायचं, परत यायचं,
नव्वद हजार वेळा, चीर न पडता.
मामा म्हणाले, "म्हंजे थोरल्या सुनंचं काम."

तांबं साडेचार टक्के, मॅग्नेशियम अर्धा,
चिमूटभर मँगनीज,
आणि चांदी, तीही अर्ध्या टक्क्याच्या आतच.
चांदी हुपरीच्या मावसभावाकडून आणली,
पैंजणं घडवून उरलेला चुरा.
"थोडं तांबं हाय त्यात," तो ओशाळून म्हणाला.
असू दे म्हटलं. आम्हाला तांबंही लागतंच.

पाचशे अंशांवरून पत्रा थेट पाण्यात.
बाहेर काढला तेव्हा मऊ, पोळीसारखा वाकेल असा.
मग काही करायचं नाही.
हे मामांना पटेना.
"काहीच न्हाई?"
काहीच नाही. आत तांब्याचे कण
एकमेकांना शोधत राहतात. दोन दिवस, चार दिवस.
"आणि नुसतं पडून पडून घट्ट हुतंय?"
होय.
रिव्हेट मात्र कच्चे हवेत,
म्हणून ते फ्रीजमध्ये, मामांच्या ताकाच्या बाटलीशेजारी.

डमरूसारखे तुकडे कापले. मशीनला लावले.
ताण, सोड, ताण, सोड.
सहाव्या दिवशी पहाटे वॉचमनचा फोन:
बाई, आवाज थांबलाय.
आकडा एक्केचाळीस हजार दोनशे सहा.

विद्यापीठातल्या सूक्ष्मदर्शकाखाली
चीर उलट चालत गेले, जिथून ती निघाली तिथवर.
करड्या रानात एक काळी सुई.
लोखंड.

मामांनी आपले हात बघितले.
"माझ्याच हातचं आसंल," म्हणाले,
आणि नळाखाली बराच वेळ धूत राहिले,
साबण लावून, नखांच्या कडा घासून.
मी काही बोलले नाही.
वहीत तारीख शोधली. हीट नंबर एकतीस. शुक्रवार.
मामा नमाजला गेले होते.
रस थांबत नव्हता.
सळई मी घातली होती,
लेप वाळायच्या आधी.

ती रात्र मी त्यांच्या नावावर जाऊ दिली.
हे वहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

सकाळी सांगितलं. उभ्यानंच, गेटजवळ,
त्यांनी सायकलला कुलूपही लावलं नव्हतं.
रागावले नाहीत. समजूतही काढली नाही.
आत गेले, सळई उतरवली,
लेपाचा डबा ढवळला, एक हात दिला, वाळू दिला,
दुसरा दिला.
"ह्येबी नुसतं पडूनच घट्ट हुतंय, न्हवं?"
एवढंच. आणि सळई माझ्या हातात न देता
भिंतीला टेकवली.

आता बत्तीस नंबर लागलाय.
अकरा दिवस. अडुसष्ट हजारांच्या पुढे.
संध्याकाळचं विमान उजळाईवाडीहून उठतं,
शेडवरून जाताना पत्रे थरथरतात, आमचे, सिमेंटचे.
मी खिडकीशी जाते, मामा जात नाहीत.
ते डबा उघडतात, भाकरी मोडतात,
आकडा बघत नाहीत.
मशीनकडे पाठ करून बसतात
आणि घास चावताना मधेच थांबतात,
ऐकायला.